गुळगुळीत अस्तर

जठर, आतडी ज्या पोकळीत असतात तिच्या अस्तराला येणारी सूज हा चिझुरूचा अभ्यासाचा विषय. कानाझावाच्या इस्पितळात ती नमुन्यांच्या बाटल्या न्यायला आली होती. तिच्या मागच्या बाकावर वाजिमाचे म्हातारे लाखकारागीर कियोहारू आणि त्यांची बायको बसली होती.

"अहो, मी फॉर्म भरत होते तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? चेहरा का पाडलाय?"

"पोटाला भोक पाडून दुर्बीण घातली, जठराबाहेरचं पोटाचं अस्तर पाहिलं. सगळीकडे गुळगुळीत, चकचकीत आहे म्हणे."

"मग?"

"मग काय! पन्नास वर्षं वाडग्यांवर लाख चढवतोय. गुळगुळीत थरावर पुढचा थर बसतो का कधी?"

"नाही. म्हणून तर तुम्ही कोळशाने घासून तो खरखरीत करता."

"तेच सांगतोय. काम बिघडलंय."

"अहो, पण तिथे बसणार काय होतं?"

"कॅन्सर."

"सूज आली की अस्तर खरखरीत होतं आणि जठरातल्या गाठीतून सुटलेल्या पेशी तिथे चिकटतात, असं मागच्या खेपेला त्यांनीच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा त्यांच्या टेबलाचं पॉलिश बघत होतात."

"भिकार पॉलिश होतं गं."

"म्हणजे पसरलेला नाही! ऑपरेशन होणार ना?"

"मंगळवारी. अर्धं जठर काढणार."

"आणि हे असं तोंड पाडून सांगताय!"

"हसू नकोस, लोक बघतायत."

चिझुरूने बाटल्यांवरचे नंबर तिसऱ्यांदा तपासायला घेतले.

"अर्ध्या जठराला घरातले वाडगे मोठे पडतील हो."

"छोटा करतो एक. आतून असा गुळगुळीत, की भाताचं शीतसुद्धा चिकटणार नाही."