बोटीवरचा सत्यनारायण

हिंगोलीच्या दवाखान्यात मी लेकराच्या लसीसाठी थांबले होते. शेजारी नातवाला घेऊन विष्णुपंत गुरुजी आणि सरलाकाकू बसले होते.

"शेठनं समुद्रातल्या मोठ्या प्रवासी बोटीवर पूजा सांगायला बोलावलंय, दोघांचं तिकीट काढलंय, अन् तुम्ही नाही म्हणता? मी समुद्र कधी बघायचा?"

"सरला, मला पोहता येत नाही."

"तिथं रविवारी प्रार्थना घेणाऱ्या फादरला तरी कुठं येत असेल!"

"त्याचा देव पाण्यावरून चालला होता. आपल्या कथेत प्रसाद टाळला की नाव बुडते."

"मग द्या की प्रसाद."

"कुणाला? सगळे डाएटवाले. तुपातला शिरा बघून पळतील."

"म्हणून तर मला न्या. एकेकाला धरून तोंडात घालते."

"फादरलाही?"

"त्याला आधी. तोही त्याच बोटीत आहे ना!"