भरलेली की रिकामी

— नाही नाही, झोपले आहेत ते, उठवू नका. बसा ना मॅडम. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलते, इकडं बाजेवर बसा. देवरीवरून आल्या काय? गाडी कुठं लावली, सडकेवर? ड्रायव्हरलेही बोलवा ना सावलीत — बरं, राहू द्या. पन तुमी तं पुढच्या बुधवारी येनार होत्या, रिंकीच्या बाबाचं रक्त घ्यायले, आज कशा काय मधातच? फोन? हो, वाजला असंल, आमच्या इथं टावर कुठं लागते, बोडीच्या, त्या तळ्याच्या, पाळीवर जाऊन उभं राहा तेव्हा कुठं — आता खोटं कायले बोलू, वाजला होता. तुमचं नाव दिसलं, रुचिका मॅडम, दवाखाना, असं रिंकीनंच भरून देल्लं आहे मोबाईलात, आन् म्यां तो पालथा करून ठेवला. काऊन मनता? कामात होती. धानाचं निंदन सुरू आहे, हात चिखलाचे. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदाही चिखलाचेच होते.

त्यायचं काय, ते बरे आहेत. खातात, पितात. जेवन जरा कमी झालं, पन पावसाळ्यात कोनाचं होत नाही? तुमाले तं माहीत आहे मॅडम, नागपूरले आतडीचं ऑपरेशन झालं, मंग त्या किमोच्या सलाईना, त्याच्यानंतर मानूस कसा झाला होता. शेतात दिवसभर राहनारा मानूस, अन् बाजेवरून विहिरीपर्यंत जायचं तं मधात कडुलिंबाले टेकून उभा राहे. मी पाहो अन् आत जाऊन बसो. मंग तुमी आल्या, ते कॅप्सूल घेऊन. तुमी तं नीट सांगतलं होतं, मी नाही मनत नाही — ही सात्या, तुमी तिले अळंबी मनता, लाकडावर होते, कडक, लाखेसारखी चकाकते, चीन-जपानात जुने लोक दवाई मनून घेत आले, पन तिच्यानं खरंच काही होते की नुसतंच नाव आहे, तेच पाहून राहिलो. बिमारीवरची दवाई नोहे, थकव्यावर असर होते काय एवढंच पाहाचं आहे. म्यां पुरं आयकलं. त्यायनं अर्धंच आयकलं. त्यायले वाटलं बिमारीवरच आहे. म्यां कायले खोडून काढू? मानूस किती दिवसांनी हसला होता.

आन् ते दुसरं, तेही तुमीच सांगतलं — अर्ध्या लोकायच्या कॅप्सूलात सात्या, अर्ध्यायच्या कॅप्सूलात नुसतं पीठ, कोनाले काय आलं ते कोनालेच सांगत नाही. त्या दिवशी ते मनाले, 'लाटरीच आहे मनजे.' तुमी हसल्या. मीही हसली. पन मॅडम, घास तोंडात असतानी मानूस उठून कॅप्सूल घेते अन् पानी पितापिता तिच्याकडंच पाहते, उजेडात धरून पाहते, त्याले हसू कसं येईल? तरी फरक पडला. खरंच पडला. बांधापर्यंत जाऊ लागले. पोळ्याले बैल सजवले स्वतःच्या हातानं, एक झूल मी धरली अन् एक त्यायनं. मले तं वाटलं संपलं आता, गेली ती बिमारी, आपल्या घरातून निघून गेली.

मंग नंदलाल भाऊजी आले. तुमच्या त्याच कॅप्सूलवाले, पल्याडच्या टोल्यावरचे, तिकडच्या वस्तीतले. त्यायले काहीच फरक नाही पडला. तिथं बसले, तुमी बसल्या तिथंच, अन् मनाले, 'परसराम, माही तं पिठाचीच असंल रे. तुह्या कॅप्सूलचं काय?' एवढं बोलून, चहा पिऊन ते गेले. पन रिंकीच्या बाबाच्या डोक्यातून ते जाईच ना. जेवता जेवता मनायचे, 'रविता, माहीही रिकामी असंल तं?' म्यां मनलं, रिकामी असती तं तुमी बांधावर गेले असते काय? तं मनतात, 'तेच तं. रिकामीनं एवढं झालं, तं खऱ्या सात्यानं किती होईल?' म्यां त्यायच्या ताटात भात वाढला. मी काही शिकलेली नाही, पन मले तेव्हाच समजलं, हे आता थांबनार नाहीत.

तिकडं काय पाहता? चुलीवरचं ते भांडं, तो गंज? तो — चहाचाच आहे. बुडाले लागला मनून काळा झाला. नाही, चहाचा नोहे. काढ्याचा आहे. हळदीचा. मॅडम, तुमी असं पाहू नका ना माह्याकडं, मले भेव लागते.

नाल्याच्या पल्याड जंगलात एक झाड पडून आहे, जुनं, किती पावसाळ्यापासून पडलं आहे. त्याच्यावर निघते तसली सात्या. तुमी फोटो दाखवला होता ना आमाले, मोबाईलवर? तो यायच्या डोळ्यात बसला होता. एक दिवस थैली भरून घेऊन आले. म्यां मनलं, हिचा रंग वेगळा आहे, फोटोतली तांबडी होती, ही खालून काळसर आहे, अन् वास कसा येऊन राहिला पाहा. मनाले, 'आपल्या जंगलातली आहे, आपल्याले काय करनार?' मी हात नाही लावला मॅडम. शपथ घेऊन सांगते. स्वतःच कापली, स्वतःच उकळली, रोज सकाळी चूल पेटवून बसत अन् तो काळा रस गळ्याखाली उतरवत. तोंड असं कडू करत, अन् मनत, कडू आहे मनजे असर करन. आन् कॅप्सूलही घेत. दोनी. कोनती तरी एक लागू पडन.

काय मनल्या? मागच्या खेपेले घेतलेल्या रक्तात? लिवर? किती वाढलं — नाही, आकडा नका सांगू, आकड्यानं मले समजत नाही. लय वाढलं काय एवढं सांगा. मनून तुमी फोन करून राहिल्या होत्या? मले वाटलं, तुमी सांगाले येऊन राहिल्या की कॅप्सूल रिकामी होती. मी त्याच्याचसाठी फोन नाही उचलला. ते आयकलं असतं तं मानूस त्या दिवशीच बाजेवर पडला असता.

डोळे? डोळ्यायचं काय? तुमाले कोनं सांगतलं डोळ्यायचं? — कोनी नाही सांगतलं. तुमी नुसतं विचारलं. हो. पिवळे झाले. आधी मले वाटलं ऊन असंल, खिडकीचं. मंग आंघोळीच्या वेळेस छाती पाहली, तीही तशीच. लघवी तं अशी, कोऱ्या चहासारखी. अन् आंग खाजवतात, रातभर. म्यां मनलं मॅडमले फोन करू, तं त्यायनं माहा हात धरला. हातात जोर नव्हता, तरी धरला. मनाले, 'सांगशील तं माहं नाव कापतील. कॅप्सूल बंद करतील. मंग मी पुन्हा कडुलिंबाले टेकीन.' रिंकीची शपथ घातली मले. लेकीची शपथ घातल्यावर मी काय करू?

आन् दुसरं एक आहे. ते कोनाले बोलली नाही. आमचे मोठे मामाजी, उदाराम, माह्या सासऱ्याचे मोठे भाऊ, त्यायलेही असंच होतं. पोटाचंच. अन् एक दिवस डोळे पिवळे झाले. डॉक्टर मनाले, बिमारी लिवरात गेली. मंग धान कापाले आलं तेव्हा मामाजी नव्हते. तेव्हापासून मले पिवळं दिसलं की — मी रोज देवापाशी काय मागते माहीत आहे? बरं करा असं नाही मागत. मी मनते, हे त्या काढ्यानंच झालं असू दे. त्यायनं जहर पिलं असू दे. जहर तं उतरते ना मॅडम? उतरते ना? ते दुसरं उतरत नाही. बायको आपल्या नवऱ्यासाठी असं मागते काय कधी? मी मागून राहिली.

सांगता येत नाही? तपासल्याशिवाय नाही? बरं. समजलं. काढाही असू शकते, कॅप्सूलही असू शकते, अन् तेही. सोनोग्राफी केल्यावर दिसन. आजच? आताच? थांबा, थैलीत उरले आहेत तुकडे, ते द्यायचे काय? हे पाहा. हात नका लावू — तुमी लावता, तुमाले समजते. हेही तिकडं तपासनार? न्या, सारेच न्या. कॅप्सूलची डबीही न्या. बंद मनजे आजपासून बंद? बरं. बरं मॅडम.

झोपले नाहीत ते. भिंतीकडं तोंड करून पडले आहेत. तुमच्या गाडीचा आवाज आयकला अन् कूस बदलली, डोळे दिसू नये मनून. सारं आयकून राहिले असतील. — अहो. उठा. हो, म्यां सांगतलं. शपथ मोडली. रिंकीले काही होत नाही, तुमी उठा. नागपूरले जायचं आहे. मॅडम गाडी घेऊन आल्या. हळू, हळू, भिंत धरा.

मॅडम, ते तुमाले विचारून राहिले. माही भरलेली होती की रिकामी. — तुमालेही माहीत नाही? खरंच? मले वाटे तुमी असंच मनता, अशा गोष्टी सांगाच्या नसतात मनून. मनजे एवढे दिवस तुमीही नाही, आमीही नाही? आता डॉक्टर तिकडून विचारतील, तेव्हाच माहीत होईल? मंग त्यायले तुमी भरलेली होती मनून सांगा. नागपूरपर्यंत तरी. पाहा ना कसे उभे आहेत, दाराले धरून, त्या एका गोष्टीसाठी उभे आहेत. एवढं सांगाले काय जाते तुमचं?

नाही सांगत?

बरं. नका सांगू. जा, ड्रायव्हरले गाडी अंगनापर्यंत आनाले सांगा. मी यायले सदरा घालते.