चौथ्या प्लगची चूडी

मुलगी तशी बरी आहे हो, पण तोंड उघडलं की मोटारीचा कारखाना. हे मी दाराआडून ऐकलं. हातात पोह्यांच्या रिकाम्या बशा होत्या, त्या वाजू नयेत म्हणून पोटाशी धरून तशीच उभी राहिले. बोलणारी मुलाची आई होती, पुण्याहून मला बघायला आलेली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. रागावली असती तर मीही मनात रागावले असते, पण ती तर बाजारात भाजी परत टोपलीत ठेवावी तशी बोलली, बरी आहे पण नको.

आता आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काय शिव्या दिल्या. आमचे आजोबा संस्थानच्या नोकरीत इकडे उज्जैनला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. अण्णा, मतलब माझे वडील, संस्थानच्या मोटारखान्यात कारकून होते. संस्थान गेलं, मध्य भारत झाला, मोटारखाना मोडला आणि अण्णांना सप्लायच्या ऑफिसात बसवलं. आता मध्य भारतही गेला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ, आणि रोज कोणी ना कोणी बदलीची बातमी घेऊन येतं. अण्णा म्हणतात मी एका जागी बसून तीन राज्यांची नोकरी केली. हसून म्हणतात, पण ते हसणं दुसऱ्यांदा बघवत नाही.

मोटारखान्यातून अण्णांना एकच गोष्ट मिळाली. एक सरदार मंडळी गाव सोडून जात होती, त्यांनी आपली जुनी मोटार अण्णांना देऊन टाकली. ती आमच्या मागच्या अंगणात निंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या तिच्यात बसायच्या, आई तिच्यावर पापड वाळवायची. इंजिन आतून गंजून असं धरलं होतं की हँडल लावून दोन माणसं लोंबकळली तरी हलायचं नाही.

आणि मी. मी मिशनच्या शाळेत शिकले. तिथे इंग्रजी, घरात मराठी, अंगणात हिंदी, आणि काय सांगू तुम्हाला, तिन्हीकडे बोलायची लाज. शाळेत सिस्टर म्हणायची जोरात वाच, तर माझा आवाज पुस्तकातच राहायचा. घरी पुण्याची पाव्हणी आली की आई डोळ्यांनी सांगायची, तू गप्प बस, कारण मी मराठीत बोलायला गेले की मध्ये हिंदी येते, मला कळत पण नाही की आली. म्हणून मी फार बोलत नाही. तुमच्याशी बोलून राहिले हेच पुष्कळ झालं.

तर पुण्याचं स्थळ आलं. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला, आणि महाकाळाचं दर्शन आणि मुलगी, दोन्ही एका खेपेत बघू असं त्यांनी कळवलं. अण्णांनी उलट टपाली लिहून टाकलं की स्टेशनवर घ्यायला आमची मोटार येईल. आईने कपाळाला हात लावला. अहो, कोंबड्या काढा आधी तिच्यातून, म्हणाली.

गफूरचाचांना बोलावलं. ते देवास गेटजवळ मोटारींचं काम करतात, मोटारखान्यापासून अण्णांचे सोबती. दोघांनी बसून ठरवलं की जोर लावायचा नाही. गंजलेल्या इंजिनला जोर लावला की ते तुटतं. प्लग काढायचे, त्या भोकांतून घासलेट आणि मोबिल तेल एकत्र करून आत सोडायचं, आणि पिऊ द्यायचं. चाचा म्हणायचे पीने दीजिए साहब, बरसों की प्यासी है. तीन प्लग निघाले. चौथा निघेना. तेल सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण चमच्याने हळूहळू सोडायला धीर लागतो आणि मला बोलायचं नसलं की पुष्कळ धीर असतो. रोज सकाळी शाल गुंडाळून मी बॉनेटमध्ये वाकलेली. आई म्हणायची लग्नाच्या मुलीचे हात बघा, आणि लिंबू चोळायला लावायची.

मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे झुलवायची. ढकलायचं नाही, झुलवायचं, जसं पाळणा. बरेच दिवस काहीच नाही. एकदा मी आणि अण्णा असे झुलवून राहिलो होतो आणि आतून कुठून तरी चिकटलेली पोळी तव्यावरून सुटते तसा बारीक आवाज आला, आणि चाक बोटभर जास्त गेलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. तेवढे खूश मी त्यांना संस्थान गेल्यानंतर पाहिले नव्हते.

राहिला चौथा प्लग. तो जुना, फुटका, बदलायलाच हवा होता. पाव्हणे दुसऱ्या दिवशी येणार होते. चाचा म्हणाले दोन दिवस अजून थांबा. सगळ्या मोटारखान्याला थांबा-थांबा सांगणारे आमचे अण्णा, त्यांना त्या दिवशी थांबवेना. पान्याला लांब पाइप लावला आणि ओढला. प्लग निघाला, पण भोकातली चूडी सोबत घेऊन. आता चूडी मतलब काय, ते सांगते. स्क्रू ज्याच्यावर फिरतो ते गोल गोल आटे असतात ना, त्यांना इकडे चूड़ी म्हणतात. ते झिजून साफ झाले की मिस्त्री म्हणतात चूड़ी मर गई. आमच्या अंगणात महिनाभर तीच भाषा. नवीन प्लग घातला तर नुसता गोल गोल फिरत राहिला. अण्णांनी विचारलं तीन सिलेंडरवर स्टेशनपर्यंत जाईल का. चाचा म्हणाले जाएगी साहब, मगर फ्रीगंज की भीड़ में प्लग गोली की तरह उड़ेगा, किसी को लग गया तो रिश्ता छोड़िए.

पाव्हणे टांग्याने आले. मुलाचे आईवडील आणि वडिलांची बहीण, मुलाची आत्या. आत्या विधवा. पांढरं लुगडं, हात मोकळे. त्या आपण होऊन जाजमाच्या काठाला, दाराजवळ बसल्या, कोणी सांगितलं नाही, त्यांना सवय असावी. पोह्यांबरोबर जिलबी बघून मुलाची आई म्हणाली, हे दोन्ही एकदम खायचं का, आणि सगळे हसले. मग राज्यांच्या गोष्टी निघाल्या. मुलाचे वडील म्हणाले आमचं मराठी राज्य होईलच आज ना उद्या, तुम्ही मात्र इकडे अडकलात. अण्णा हो हो म्हणाले. आईने मुलाच्या आईला हळदकुंकू लावलं आणि आत्यांजवळ आल्यावर करंडा तसाच पदराखाली घेतला. आत्या भिंतीकडे बघत होत्या.

नेमकं तेव्हाच मुलाच्या वडिलांनी विचारलं, अहो, ती पत्रातली मोटार कुठे दिसली नाही. थट्टेतच विचारलं. अण्णा म्हणाले, मोटार, म्हणजे तसं, आणि पुढे काही येईना. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मान खाली गेली. मी जन्मात पाव्हण्यांसमोर आपणहून बोललेली नाही. पण ती मान मला बघवेना. मला वाटलं सांगावं की गाडी खोटी नाही, आमचे अण्णा खोटं लिहीत नाहीत. मी म्हणाले, इंजिन सुटलंय, फक्त चूडी मेली.

बस. एवढंच बोलले.

मुलाच्या आईचा हात आपल्या बांगड्यांवर गेला. चूड़ी मतलब बांगडी पण होते ना. आपल्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे मलाही माहीत आहे हो. आईने मला लहानपणीच शिकवलं होतं. पण मला ती बांगडी ऐकूच आली नव्हती, मला आटेच दिसत होते. मग मी बघितलं, दाराजवळ आत्यांनी पदर ओढून दोन्ही मनगटं झाकली. हळूच, कोणाला दिसू नये तशी. ते मी एकटीनेच पाहिलं असेल. तिथून पुढे मला काही ऐकू आलं नाही, फक्त अण्णांचा आवाज आला, की इंग्रजी शाळेत शिकली, मराठी जरा कच्चं आहे, मिस्त्र्यांचं काहीतरी ऐकते आणि बोलते. जशी मी शेजारची. मी बशा उचलल्या आणि आत आले, आणि मग ते दाराआडचं ऐकलं.

पुण्याहून नंतर कळवलं की पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. गाडी चाचांनी चालू करून दिली. रविवारी अण्णा तिला देवास गेटपर्यंत नेऊन आणतात, मी मागे बसते. ते त्या दिवसाचं काढत नाहीत, मीही नाही. भोपाळचा हुकूम आला की तिच्यातूनच जाऊ म्हणतात. जाऊ. देवाने त्यांची ही हौस तेवढी राखावी. माझं म्हणाल तर अजूनही कोणाचे मोकळे हात दिसले की मान खाली जाते.

पण तुम्ही विचारलंत की मग तू काहीच बोलली नाहीस का. बोलले. पाव्हणे निघायच्या आधी मी अंगणात गाडीमागे जाऊन उभी होते. आत्या हात धुवायला आल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. हीच का ती, म्हणाल्या. मी मान हलवली. कुठे मेलीय ती दाखव. मी भोकावरचा बोळा काढला. त्यांनी वाकून आत बोट घातलं आणि फिरवलं. अगदी गुळगुळीत झालंय गं, म्हणाल्या.

मला माफी मागायची होती. इंग्रजीतलं सॉरी फार लहान वाटलं, माफ करना टांग्यात धक्का लागल्यावर म्हणतात, आणि क्षमा करा म्हटलं तर नाटकातल्यासारखं. आत्यांनी बोट पदराला पुसलं, काळा डाग पडला पांढऱ्यावर, त्यांनी बघितला पण नाही. विचारलं, मग मेली की काय करतात, टाकून देतात का गाडी?

चाचांनी सकाळीच सांगितलं होतं. उत्तर मला येत होतं, आवाज येत नव्हता. आत्या थांबल्या. त्यांना घाई नव्हती. आतून मुलाची आई टांगा आला म्हणून हाक मारत होती, तरी थांबल्या.

मग मी म्हणाले, "नाही आत्या. नवी पाडतात. त्याच जागी, जुनीपेक्षा जराशी मोठी."