थंडीतली अंबाडी

— न्हाय न्हाय, तितं उभा राहू नको, मागं ऊन हाय, मला तुजं तोंडच दिसंना. हिकडं ये, टाकीच्या सावलीला. हां, आता दिसलास. चपला खाली काढल्यास ते बरं केलंस, पण गच्ची अजून तापली न्हाय, पायाला गार लागंल. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा उठला तरी थंडी हटंना बघ औंदा. तर काय म्हणत हुते — मोगरा. मोगऱ्याच्या फांद्या न्यायला आलास न्हवं? देते की. ग्रुपवर मीच टाकलं हुतं, मोगरा छाटलाय, ज्याला पायजे त्यानं येऊन न्यावं, पण रिकाम्या हातानं यायचं न्हाय. आमच्या ग्रुपात नेमच हाय तसा — फुकट नेलेलं रोप लागत न्हाय, बदल्यात कायतरी द्यायचं. तू आणलंस की, पिशवीत दिसलं मला मघाशी. ठेव तितं कट्ट्यावर, मग बघते. तुजी गाडी बी दिसली वरनं. पंचेचाळीस नंबर — अकलूजकडची. मित्राची आणलीस व्हय? बरं बरं. हितल्या हितं जुळे सोलापुरातनं आलास म्हणतोस, आन भुवयांवर सुद्धा धूळ बसलीय. कुणाचं काय, मला काय करायचंय.

तुज्या घरातलं कोण हाय ग्रुपात? — असू दे, सांगू नको. सगळी एका माळेचे मणी. ‘हिरवी गच्ची, सोलापूर’ म्हणे! ती गुरम्मा, आडमिन — साऱ्या ग्रुपाची पाटलीण. तिच्या गच्चीवर काय हाय ठावं हाय? एक कोरफड आन बाटलीत लोंबणारा मनीप्लँट. पण सल्ला बघ तिचा! उथळ पाण्याला खळखळाट फार. कुणी इचारलं, मिरचीची पानं मुडपलीत, तर ही लिवती, आंबट ताक फवारा, आन आमच्या धाकट्या सुनंला दिवस ग्येलेत. आता मिरचीचा आन सुनंचा काय संबंध? पण न्हाय — लगेच पन्नास जणांची फुलं, हात जोडलेली चित्रं, अभिनंदन, अभिनंदन. मिरची मेली तिकडं. ती रेश्मा तर पोराची मार्कलिस्ट टोमॅटोच्या कुंडीला टेकवून फोटो काढती. टोमॅटोवर करपा पडलाय ते दिसंना तिला, पोराचं गणित दिसतंय. आन चन्नप्पा! रिटायर माणूस, दुसरं काम न्हाय, रोज सकाळी गुलाब. त्योच गुलाब, त्योच फोटो, झाड कवाच वाळून ग्येलंय. मधीच गुडघ्याचं सांगतोय. मग साऱ्या बाया गुडघ्याला तेल सांगत्यात. मी इचारलं त्याला, दादा, ह्यो झाडांचा ग्रुप हाय का दवाखान्याचा? तर मलाच म्हणत्यात, मल्लव्वाक्का, तुमी लई टाकून बोलता. बोलते. खोटं बोलत न्हाय की.

मी कवा माज्या घरचं टाकलं न्हाय. एक अक्षर न्हाय. कशाला टाकायचं? लोकं हितं अंगठा दाखवत्यात आन तिकडं फोनवर चघळत बसत्यात. झाडाचं इचारा, झाडाचं सांगते. आन टाकायला हाय तरी काय माज्या घरचं — मी, ही गच्ची, आन खाली ह्यांचा फोटो. हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर हुते, अक्कलकोट रोडला. माग बंद पडला की ह्यांनाच बोलावणं. लई मान हुता. ग्येले त्याला झाली बरीच वर्सं. असो.

आन ह्या सगळ्यांत कडी म्हंजे त्यो ‘हिरवा कोपरा’. नाव न्हाय, गाव न्हाय, फोटोच्या जागी एक कुंडी. बाईमाणूस हाय येवढं कळतंय. असली मठ्ठ बाई जन्मात बघितली न्हाय मी. काय इचारंल? कढीपत्ता पिवळा पडलाय, काय करू? अगं, शेंबडं पोर सांगंल, मुळाशी ताक घाल म्हणून! मी तसंच लिवलं — ताक घाला आन जरा डोकं वापरा. ग्येल्या वर्साची संक्रांत हुती ती. गुरम्मा लगीच मधी, अक्का, संक्रांत हाय, गोड बोला की. झाडाला साखर घालत्यात व्हय? मग दुसऱ्या दिवशी पुदिना उन्हात ठेवू का सावलीत. मग तुळशीच्या मंजिऱ्या खुडू का ठेवू. रोज एक. आन मी रोज उत्तर देते. दुसरं कुणी द्यायच्या आत देते. का म्हंजे? ती लोकं वाट्टंल ते सांगत्यात म्हणून. उद्या झाड मेलं तर त्या पोरीनं— आन खरं सांगू का, तिला सगळं येतंय. हितंच, ह्याच कट्ट्यावर बसून ताकाची लोटी घेऊन — कायतरीच बोलतीय मी. उन्हानं डोकं फिरतंय. चहा टाकू का? नको? बरं, नको तर नको. मोगऱ्याच्या फांद्या काढते. पेनाएवढी जाड घ्यायची, लई कोवळी न्हाय, लई जून न्हाय. तिरका काप द्यायचा.

तिकडं काय बघतोस? ती कुंडी? ते गवत हाय. कोपऱ्यातलं असंच उगवलंय. चादर व्हय, चादर वाळत टाकलीय तिच्यावर. तू इकडं बघ.

काय इचारलंस? कोण म्हंजे? त्यो हिरवा कोपरा कोण, ते? मला काय ठाव. — ठाव हाय. सांगून टाकते, तू काय कुणाचा कोण, एकदा फांद्या घेऊन ग्येलास की परत थोडाच येणार हायेस. एकदा तिनं फोटो टाकला, पुदिन्याचा. कुंडी धरलेला हात आला फोटोत. डावा हात. अंगठ्याच्या मुळाशी चटक्याचा डाग. माज्याच तव्याचा चटका हाय त्यो, भाकरी उलथायला शिकताना बसलेला. पोरगी हाय ती माजी. सृष्टी. तिसरं वर्स लागलं, ह्या जिन्यावरनं खाली उतरली त्याला. लग्न केलं, आपल्या मनानं. आमची लिंगायताची पोर, घरात कानडी बोलणारी, आन नवरा कुटला तर तिकडं अकलूजजवळच्या माळशिरसचा. नाव काय, तर इंद्रजीत! नाव इंद्रजीत आन धंदा काय, ठिबकच्या नळ्या विकतोय. बापाचा ऊस हाय म्हणे, असंल, आमाला काय करायचाय ऊस. नळ्या खांद्यावर टाकून गावोगाव फिरणारा, त्यानं माज्या पोरीला काय घातलं डोक्यात कुणास ठाव. उंदीरतोंड्याच असणार. म्हंजे, बघितला न्हाय मी. फोटो पाठवला हुता तिनं, न बघता पुसून टाकला. सांगितलं तिला — त्याचं तोंड मी जल्मात बघणार न्हाय. आन म्हणले ते केलं. नंबर बी काढून टाकला तिचा. तर ही दुसऱ्या नंबरानं ग्रुपात शिरली आन मलाच इचारती, कढीपत्ता पिवळा पडलाय. बघितलंस का चलाखी?

का हसतोस? न्हाय हसत? मग खाली काय बघतोस, मोगरा वर हाय.

तर मी बी कळू दिलं न्हाय. तिनं झाडाचं इचारायचं, मी झाडाचं सांगायचं. तिनं तुमी म्हणायचं, मी तुमी म्हणायचं. बरं चाललं हुतं. तर दिवाळीच्या मागनं एक दिवस लिवती — आंबट खावंसं वाटतंय, कुंडीत अंबाडी येईल का आत्ता? झालं! साऱ्या बायांनी वळखलं. अगं बाई, गोड बातमी! पेढे, बाळाची चित्रं, गुरम्माचं तर काय इचारूच नको, जणू तीच आजी. चन्नप्पानं गुलाब टाकला. आन मी — मी काय लिवलं ठावं हाय? थंडीत अंबाडी उगवत न्हाय. येवढंच. त्याच्यावर तिनं लिवलं, बरं. येवढंच. मग मी फोन उलटा ठेवला आन रडले. राग आला मला, लई राग आला. माज्या पोरीला दिवस ग्येलेले मला अंबाडीतनं कळावं? आन ते बी गुरम्माच्या बरोबरीनं, एकाच वक्ताला?

पुढचं तर ऐक. आता सातवा लागला. आमच्यात सातव्यात कुबसा करत्यात — माहेरनं हिरवी चोळी न्यायची, पोरीला घालायची, ओटी भरायची, खाऊ घालायचं, आन संगं घरला आणायचं. ती आईनंच न्यायची असती, दुसऱ्या कुणी न्हाय. हिनं परवा ग्रुपवर लिवलं, माज्या माहेरनं कुणी येणार न्हाय, चोळीशिवाय चालतं का? मला इचारलं न्हाय. साऱ्यांना इचारलं. पर कुणाला ते मला कळलं की. तर त्या गुरम्मानं काय करावं? हिरव्या चोळीचं चित्र पाठवलं! घे म्हणं, आमीच तुजं माहेर! मग रेश्माचं चित्र, मग आणखी कुणाचं, खणाची चोळी, इरकली चोळी, ग्रुप हिरवागार करून टाकला. चित्रातली चोळी घालून बसायचं व्हय पोरीनं? ह्यांना माहेर म्हंजे खेळ वाटला. आन ती मूर्ख पोर त्यांना हात जोडती, म्हणती, तुमच्यामुळं बरं वाटलं. बरं वाटलं! मला त्या दिवशी घास ग्येला न्हाय.

मी का ग्येले न्हाय, असं इचारतोस? कोणत्या तोंडानं जाऊ? तोंड बघणार न्हाय म्हणून उचलली जीभ लावली टाळ्याला, आता त्याच्याच दारात चोळी घेऊन उभी राहू? सोड. तुला काय कळणार त्यातलं. हे घे, फांद्या झाल्या. आता तुजं काय ते बघू, नेम म्हंजे नेम. काय आणलंस? कढीपत्ता व्हय? मुळाचा फुटवा दिसतोय. चांगला हाय, तजेलदार हाय. — थांब. हे काय गुंडाळलंय मुळीला?

टॉवेलची किनार हाय ही. ओली करून गुंडाळलीय. आमचे हे असल्या किनारी आणायचे कारखान्यातनं, मी झाडाला वापरायची. आन ही हळद. मोठ्या झाडापासनं तोडलं त्या जागी हळद लावलीय. बोलू नको, गप बस जरा. ही गाठ — मागावर तुटलेला धागा जोडत्यात ती गाठ हाय. असू दे, सोलापुरात घरोघर येती ही, त्याचं काय न्हाय. पण ही उलटी पडलीय. डाव्या हातानं मारलीय. ह्यांनी किती शिकवलं, उजव्या हातानं मार म्हणून, ऐकलं न्हाय तिनं.

पंचेचाळीस नंबरची गाडी. भुवयांवर धूळ. आन मी म्हणतीय जुळे सोलापूर.

येवढं बोलले मी. उंदीरतोंड्या म्हणले, नळ्यावाला म्हणले. तरी त्यो मीच म्हणून तू सांगितलं न्हाईस. तोंड न्हवतं व्हय तुला? — ऊठ, ऊठ, पाया पडायला कुणी सांगितलं न्हाय. सांडशील कढीपत्ता. ताक घालत हुती न्हवं ती? दिसतंयच की, फुटवं आलं म्हंजे घालत हुती.

पिशवी रिकामी कर. धर अशी, उघडी. ती चादर काढ त्या कुंडीवरची. व्हय, अंबाडीच हाय, मग काय गवत हाय? थंडीत येत न्हाय म्हणले हुते. येती. रोज सांजच्याला चादर पांघरली, सकाळी उन्हाला सरकवली तर येती. कुणासाठी म्हंजे? मलाच खायची हुती. तू हात लावू नको, देठं मोडशील, मी खुडते. सगळीच नेऊन दे. कण्या घालून कर म्हणावं, लसणाची फोडणी वरनं — ऱ्हाऊ दे, येतंय तिला.

आन सोमवारी घेऊन ये तिला. गाडीवर न्हाय, खड्डे हायेत, चारचाकी करून आण. चोळी नेऊन घालायची रीत हाय, पर माजा पाय त्या दिशेला निघंना, तर तिलाच हितं आण. चोळी शिवून ठेवलीय मी, हिरव्या खणाची. जुन्या मापाची हाय, आता बसायची न्हाय, आली की उसवून देते. आन ग्रुपवर यातलं काय टाकायचं न्हाय, त्या गुरम्माला तर अजिबात न्हाय. तिला म्हणावं, चित्रं पुसून टाक आधी सगळी.

जा आता. काय बघतोस? म्हणले हुते न्हवं, तुजं तोंड बघणार न्हाय. न्हाईच बघितलं मी. ऊन हुतं डोळ्यावर. जा, खालचं दार ओढून घे.