बाळारामकाका आणि दुसऱ्या भागातली माणसं

काकी, सुजाताताई, आणि पालेगावच्या या गच्चीवर जमलेल्या सगळ्यांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. बारावी अर्धवट सुटली. लिहून आणलं आहे, तेच वाचतो. सांभाळून घ्या.

बाळारामकाका गेले. आधी दम गेला, मग काका गेले.

याच गच्चीवर आपण दर रविवारी संध्याकाळी जमायचो. पुस्तकं एकाच जातीची. लाखो वर्षांनंतरची पृथ्वी, विझत आलेला सूर्य, आणि त्यांचे पुढचे भाग. काकांचा नियम ठरलेला होता: आधी शिव्या, मग कौतुक. ज्याला पुस्तक आवडलं नाही त्याने पहिलं बोलायचं. कौतुक सुरू झालं की काकी चहा टाकायच्या.

शेवटची कादंबरी आठवते? पहिल्या भागात पृथ्वीची हवा नासते. दुसऱ्या भागात माणसं त्याच हवेत संसार करतात. त्यांना वासच येत नाही.

आपले सिंधी कॅम्प पाचचे लालचंदशेठ वैतागले होते. "अरे साईं, दुसरा भाग लिहायचाच कशाला? पहिल्यातच सगळे मेले असते, छुट्टी!"

काका म्हणाले, "शेठ, मेले नाहीत ना, म्हणून तर दुसरा भाग!"

मी म्हणालो, हे खोटं आहे. अख्ख्या वस्तीला वास येत नाही, असं कसं होईल? एक तरी माणूस बोलेलच. मी मुद्दे काढून आणले होते. बराच वेळ बोललो.

तेवढ्यात सुजाताताई जिना चढून वर आल्या. त्या दिवशीच साताऱ्याहून आल्या होत्या. ओढणी नाकावर. म्हणाल्या, "बाबा, कसला हो हा घाण वास? डोळे चुरचुरतायत. तुम्ही सगळे इथे बसलात कसे?"

आपण एकमेकांकडे पाहिलं. कोणाला येत होता? मला नाही. शेठना नाही. काकांनी जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग म्हणाले, "मला तर चहाचा येतोय."

आपण हसलो. काका हसले नाहीत.

त्यानंतर ते रोज इथे कठड्याला टेकून, समोरच्या कंपन्यांच्या धुराड्यांकडे तोंड करून हुंगत उभे राहायचे. मला विचारायचे, "आला का रे?" मी म्हणायचो, "नाही, काका." ते म्हणायचे, "मलाही नाही. हेच वाईट आहे." पुढे खोकला सुरू झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता एक बोलायचं आहे. सुजाताताई काकींना साताऱ्याला न्यायचं म्हणतायत. काकींचा पाय निघत नाही. आणि आज वर येताना आपण काकींना काय म्हणालो? राहा. शेठ म्हणाले, "काकी, तुम्ही गेलात तर आपली मैफल खतम." प्रेमानेच म्हणाले. मीही मान हलवली. पण प्रेमाने आपण त्यांच्याकडे काय मागतोय?

दुसऱ्या भागातली माणसं एकमेकांना हेच सांगायची. राहा. सगळे राहतात.

काकी, तुम्ही जा. गच्चीला कुलूप लागू दे. रविवार बंद होऊ दे. आमच्यासाठी थांबू नका. जमलं तर उद्याच जा.

आता काकांसाठी उभे राहू या. शांत राहू. सावकाश, खोल श्वास घ्या. आणि कोणाला काही जाणवलं, तर कृपा करून, शांतता मोडा.