डोळे मिटले की बंद

धाकटा: हलू नकोस. दोरी गळ्याला काचत नाही ना?

दादा: नाही.

धाकटा: आता दातात धर. हं. मान मागे टाक. अजून थोडी. आली का गॅसची तोटी खाली?

दादा: अर्धीच.

धाकटा: अर्धीच आली खरी. थांब, दोरी जरा आखूड करतो. दोन बोटं आत घेतली की झालं. शिंप्याच्या हातात दोरी आहे, काळजी करू नकोस.

दादा: लवकर कर. ती येईल.

धाकटा: येऊ दे की. तुझी बायको आहे, पोलीस नाही.

दादा: तिला दोरीचं माहीत नाही.

धाकटा: काय सांगतोस? काल तर म्हणालास, वहिनीला सगळं ठाऊक आहे.

दादा: या गाडीचं ठाऊक आहे.

धाकटा: आणि तोटीचं?

दादा: तिला वाटतंय, अजून कोपराशी आहे.

धाकटा: झालं. म्हणजे आता माझी खैर नाही. तुला ती काही बोलायची नाही, सगळं माझ्यावर येणार. अरे, पहिल्यांदा तोटी बोटांनी फिरवायची ठरली होती, आठवतं? मी ती छान तुझ्या उजव्या हाताशी बसवली. मग म्हणालास, बोटं वळत नाहीत, तळव्याने ढकलायची दांडी कर. केली. मग ती कोपराशी नेली. आता दातांत दोरी. दर खेपेला वाटतं, हे शेवटचं भोक पाडलं या पत्र्याला.

दादा: हे शेवटचंच.

धाकटा: असं बोलायचं नाही हां. माझ्या हातात कात्री आहे.

दादा: इंजिनाच्या पाकळ्या बघितल्यास?

धाकटा: बघितल्या. घट्ट बसल्यात. सगळ्या सारख्या कापल्यात, एक उणी नाही, एक अधिक नाही. पण पुन्हा मला स्टीलची पट्टी कापायला सांगू नकोस. कापड कसं, कात्रीचं ऐकतं. हे उलट अंगावर येतं. माझा अंगठा बघ, त्याला आता सुई लागलेली कळत नाही.

दादा: छान कापल्यास.

धाकटा: काय म्हणालास?

दादा: छान कापल्यास म्हटलं.

धाकटा: पुन्हा ऐकायचं होतं म्हणून विचारलं. शाळेत तुझ्या वर्गातल्या मुलांना कधी असं म्हणाला असशील तर शपथ.

दादा: त्यांनी कधी कापल्याच नाहीत. नुसतं काढायचे. वहीत.

धाकटा: आणि तू फळ्यावर. दर वर्षी तोच नळा, तेच बाण. हवा इकडून आत, जाळ तिकडून बाहेर.

दादा: फळ्यावर आवाज होत नाही.

धाकटा: आता होतो ना. परवा इंजिन टेबलाला आवळून चालवलं तर समोरच्या इमारतीतले सगळे खिडकीत. माझं एक गिऱ्हाईक आलं होतं, विचारायला लागलं, हे काय आहे. मी सांगितलं, या नळ्यात गॅसचे भडके उडतात, एकामागून एक, तडतडतड. दर भडक्याला पुढच्या पाकळ्या मिटतात, जाळ मागून सुटतो, गाडी पुढे जाते. पाकळ्या उघडल्या की पुन्हा हवा आत, पुन्हा भडका. एकदा पेटलं की ठिणगीसुद्धा लागत नाही, आपलं आपण चालतं. गॅस तोडल्याशिवाय थांबतच नाही. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, बरं, आणि माझी पँट कधी मिळेल?

दादा: हसवू नकोस. ठसका लागतो.

धाकटा: बरं, नाही हसवत. पाणी देऊ?

दादा: नको. व्हॅन आली.

वहिनी: भाऊजी, ते हवा मारायचं यंत्र उतरवून घ्या. जड आहे. आणि कापूस आणलाय, आधी कानात घाला, मग टोप्या. मैदानाचं फाटक लावून घेतलंय मी, कुणी मध्ये यायला नको. टायर नीट रचलेत ना भिंतीशी?

धाकटा: रचलेत. दोन थर.

वहिनी: हे काय आहे यांच्या गळ्याशी?

धाकटा: हे... दोरी आहे.

वहिनी: दोरी आहे ते दिसतंय मला.

धाकटा: दादा, तू सांग ना.

दादा: गॅस बंद करायची. दातांनी.

वहिनी: आणि कोपराची दांडी?

दादा: कोपर उचलवत नाही. आठ-दहा दिवस झाले.

वहिनी: मला नाही सांगितलंत.

दादा: तू बघतेसच की.

वहिनी: बघते. पण तुम्ही सांगायला नको? भाऊजी, तुम्हाला कधी कळलं?

धाकटा: मला मापावरून कळतं, वहिनी. गेल्या वेळी शर्टाची बाही उसवून आत घेतली, तेव्हाच हातात काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या आधी माझ्या टेपला कळतं. कुणाला सांगू आणि काय सांगू? माझ्याकडे फाटलेलं आलं की मी शिवतो. हे रोज उसवतंय, मला दिसतंय, आणि टाका कुठे घालायचा तेच कळत नाही.

वहिनी: दोरी काढा.

दादा: राहू दे.

वहिनी: काढा म्हणते ना. भाऊजी, तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. काल यांना घास चावता आला नाही. परवाही नाही. सगळं कुस्करून भरवते मी. हे दातांनी दोरी ओढणार? स्टिअरिंग बांधलेलं, ब्रेकवर पाय दाबला जात नाही, आणि गॅस चावून बंद करणार?

धाकटा: दादा?

दादा: मघाशी अर्धी आली होती.

धाकटा: अर्धी आली म्हणून मी दोरी आखूड करत होतो. मला वाटलं, दोरीच लांब आहे.

वहिनी: दोरी बरोबर आहे हो. दोरीत काही चूक नाही.

दादा: सरळच जायचं. थोडंच. पुढे टायर आहेत.

वहिनी: टायरांपुढे भिंत आहे. आणि मागे गॅसची टाकी. मी मुलांची व्हॅन चालवते रोज, मला भिंत म्हणजे काय ते कळतं.

दादा: मग घरी जाऊ.

वहिनी: असं नका बोलू.

दादा: मग काय बोलू? गेल्या वर्षी हात होते. इंजिन नव्हतं. आता इंजिन आहे. अजून थांबलो तर बसताही यायचं नाही.

धाकटा: दम घे. एका वेळी चार शब्द बोल, डॉक्टरांनी सांगितलंय.

दादा: एकदा जायचंय. मला. त्यावर बसून.

वहिनी: कळतं मला.

दादा: एवढंच मागतोय.

वहिनी: कळतं हो. म्हणून तर पेट्रोल जाळून हे सगळं घेऊन आलेय. भाऊजी, ही सीट पुढे सरकते का?

धाकटा: सरकते. का?

वहिनी: दोघांना जागा होईल?

धाकटा: दादा आता केवढासा राहिलाय. होईल. पण तुम्ही बसणार कुठे?

वहिनी: पुढे. यांच्या पुढ्यात. स्कूटरवर इतकी वर्षं मी मागे बसले, आता हे बसतील. स्टिअरिंग सोडा, ते मी धरते. ब्रेक माझ्या पायाखाली. तोटी माझ्या डाव्या हाताला आणा.

धाकटा: पत्र्याला आणखी एक भोक.

वहिनी: पाडा.

दादा: दोघांचं वजन. हळू जाईल.

वहिनी: जाऊ दे हळू. तुम्हाला कुठे पोचायचंय?

दादा: आणि थांबवायचं कधी? मला ओरडता येत नाही. आलं तरी ऐकू जाणार नाही.

धाकटा: हा प्रश्न आहे खरा. इंजिन सुरू झालं की देव जरी कानाशी येऊन बोलला तरी कळायचं नाही.

वहिनी: व्हॅनचा जुना आरसा पडलाय डिकीत. तो पुढे तारेने बांधा, असा, यांचं तोंड दिसेल असा. रोज वीस पोरं आरशात बघत गाडी हाकते मी, एक नवरा दिसणार नाही?

धाकटा: दिसेल, पण दादाने खूण कशाची करायची? हात नाही, मान नीट हलत नाही.

दादा: डोळे.

वहिनी: चालेल. डोळे मिटलेत की मी बंद करीन. नुसती पापणी लवली तर नाही, नीट मिटायचे. त्रास झाला, धूर गेला, भीती वाटली, काहीही झालं तरी मिटायचे.

दादा: डोळे मिटले की बंद.

वहिनी: डोळे मिटले की बंद. भाऊजी, तुम्ही ऐकलंत ना?

धाकटा: ऐकलं. वहिनी, खरं सांगू? मला भीती वाटतेय.

वहिनी: मलाही वाटतेय. पट्टे आवळा यांचे.

धाकटा: हे पट्टे मी दुहेरी शिवलेत. हत्ती बांधला तरी तुटणार नाहीत. दादा, काखेत बोचत नाही ना? आतून मऊ कापड लावलंय.

दादा: नाही बोचत.

धाकटा: टोपी घालतो. कान झाकले का? आता माझं ऐकू येतंय?

दादा: येतंय. दुर्दैवाने.

धाकटा: बघा, जीभ अजून धड आहे याची. वहिनी, आरसा?

वहिनी: दिसतायत. अहो, माझ्याकडे बघा. आरशात. हं, तसेच बघत राहा. कसले लाल झालेत डोळे, रात्री झोपला नाहीत ना?

दादा: नाही.

वहिनी: लहान पोरासारखे. चला. भाऊजी, हवा मारा.

(यंत्राची हवा नळ्यात शिरते, ठिणगी पडते, एक भडका उडतो, विझतो, दुसरा उडतो, आणि मग इंजिन धरतं. नळा लाल होतो, गाडी सुटते. त्या आवाजात कुणाला काही ऐकू येण्यासारखं नाही, म्हणून कुणी काही बोलत नाही. धाकटा गाडीमागे धावत राहतो. मैदानाच्या मध्यावर एकदम शांत होतं.)

धाकटा: काय झालं? वहिनी, काय झालं? दादा?

वहिनी: बंद केलं मी. भाऊजी, बघा आधी यांच्याकडे. पट्टा सोडा. अहो, श्वास लागलाय का? कुठे दुखतंय?

दादा: का बंद केलंस?

वहिनी: तुम्ही डोळे मिटलेत. आरशात पाहिलं मी. नीट मिटलेत, पापणी नव्हती लवली.

दादा: हो. मिटले.

वहिनी: मग? धूर गेला का? मागून धग लागली?

दादा: नाही.

वहिनी: घाबरलात?

दादा: नाही ग. बरं वाटलं.

वहिनी: काय?

दादा: बरं वाटलं. खूप. पाठीला धक्का बसत होता. सारखा. फळ्यावर कळत नाही ते. म्हणून मिटले.

धाकटा: अरे देवा.

वहिनी: ठरलं होतं ना आपलं.

दादा: ठरलं होतं. विसरलो.

वहिनी: आत्ता कुठे अर्ध्यावर आलो होतो.

दादा: तुझं चुकलं नाही.

वहिनी: चुकलंच. तुम्हाला खरं सांगते. निघाल्यापासून तोटीवरच हात होता माझा. कधी एकदा हे डोळे मिटतात आणि कधी मी बंद करते, असं झालं होतं मला. पुढे एकदाही धड बघितलं नाही. तुमचं तोंड हसरं होतं का, तेही बघितलं नाही. नुसते डोळे बघत होते.

दादा: हसत होतो. बहुतेक. गाल हलतो का नीट, माहीत नाही.

धाकटा: अजून उजेड आहे. चला, ढकलत मागे नेतो, परत पेटवू. आता वहिनी, मिटले तरी नाही बंद करायचं.

दादा: पाकळ्या बघ आधी.

धाकटा: बघतो. जरा निवू दे. चटका बसतोय.

दादा: काय दिसतंय?

धाकटा: थांब रे.

दादा: टोकं गेली ना?

धाकटा: गेली. सगळ्यांचीच. काही तर वितळून चिकटल्यात. टेबलावर चालवलं तेव्हा इतकं नव्हतं झालं.

दादा: वजन ओढलं. जास्त गॅस सोडला होता आपण.

वहिनी: म्हणजे आज नाही?

धाकटा: आज नाही. पट्टीही संपली. नवी मागवायची, मग कापायची. एकेक पाकळी घासून सारखी करायची. मागच्या वेळी मला दोन महिने लागले.

वहिनी: दोन महिने.

धाकटा: या वेळी हात बसलाय. लवकर कापीन. दुकान बंद ठेवतो, वहिनी. लोकांच्या पँटी राहू देत. दादा, ऐकतोयस ना? लवकर कापीन मी.

दादा: सावकाश काप. घाईत अंगठा जाईल.

धाकटा: अरे पण तोवर...

वहिनी: भाऊजी.

धाकटा: नाही, मी म्हणत होतो, तोवर पट्टे थोडे आत घ्यावे लागतील. आणि मानेला काहीतरी आधार शिवतो. मऊसा.

दादा: शीव. आरसा राहू दे तिथेच.

वहिनी: आरसा?

दादा: डोळे राहतात. डॉक्टर म्हणाले. बाकी जातं सगळं. डोळे शेवटपर्यंत राहतात.

वहिनी: मला नाही सांगितलं त्यांनी.

दादा: मी विचारलं होतं. तू औषधं आणायला गेली होतीस.

वहिनी: बरं. मग पुढच्या वेळी डोळे मिटलेत तर बंद नाही करायचं.

दादा: नाही करायचं.

वहिनी: मग खूण काय ठेवायची?

दादा: खूण नको. नुसती बघत राहा माझ्याकडे. कळेल तुला.

वहिनी: आज तरी कुठे कळलं?