आठ मोटारींची खेप

मोटारींच्या कारखान्याच्या गेटपाशी दोघा साडूंचे ट्रक मागेपुढे उभे होते. पुढच्या ट्रकवर नव्याकोऱ्या आठ मोटारी, मागचा ट्रक रिकामा. मागच्या ट्रकवाल्याने काच हळूच खाली केली.

"आठच्या आठ? नशीब काढलंत, साडूबुवा!"

"नजर लावू नका."

"भाडं काय धरलंत?"

"तुमच्यापेक्षा कमी."

"अहो, माझ्या भाड्यात डिझेल जेमतेम सुटत होतं!"

"माझ्यात तेही सुटत नाही."

"मग पदरचे पैसे घालून खेप कशाला? ट्रक दारात उभा करायचा!"

"तेच करणार होतो. पण मग तुम्ही भरला ट्रक घेऊन माझ्या दारावरून गेला असतात, हॉर्न वाजवत."

"मी कधी वाजवतो?"

"गेल्या खेपेला तीनदा. तुमच्या मेहुणीने मोजलेत."